मित्रांना 'बॅबिलॉन ५' दाखवायची आहे? पहिला सीझन गाळू नका, त्यातलं निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'बॅबिलॉन ५', एका अंतराळस्थानकावर घडणारी नव्वदच्या दशकातली अमेरिकन विज्ञानकथा मालिका, तुमची अत्यंत लाडकी आहे. दोन मित्रांना ती दाखवायची म्हणून तुम्ही एका रात्री पायलट (मालिकेआधी आलेला नमुना-चित्रपट) आणि त्याच्या पाठोपाठ पहिले चार भाग लावलेत. मित्र रबरी मुखवट्यांना हसले आणि थोड्या वेळाने मोबाइल काढून बसले. आता तुम्ही विचारताय की पहिला सीझन सोडून थेट दुसऱ्यापासून सुरुवात करावी, की 'इन द बिगिनिंग' हा टीव्ही-चित्रपट आधी दाखवावा, कारण कथेच्या काळाप्रमाणे तो सगळ्यांत आधी येतो.

दोन्ही नको. पायलट वगळा, पहिल्या सीझनमधले निवडक दहा-अकरा भाग दाखवा, दुसऱ्या सीझनपासून एकही भाग न गाळता सलग जा, आणि तो चित्रपट चौथा सीझन संपेपर्यंत बाहेर काढू नका. कामापुरतं उत्तर एवढंच. पण जुन्या विज्ञानकथा मालिका मित्रमैत्रिणींना दाखवण्याचं काम मी बरीच वर्षं हौसेनं करत आले आहे, आणि यादी बरोबर असूनही बैठक फसलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. म्हणून यादीमागचा विचार सविस्तर सांगते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही अशांनीही हे वाचावं, म्हणून मोठी वळणं झाकूनच लिहिते आहे.

आधी मूळ अडचण बघू. तुम्ही म्हणता की पहिला सीझन कच्चा आहे, म्हणून मित्र कंटाळले. कच्चा आहे हे खरंच. पण तुम्हाला तो कच्चा वाटत नाही, आणि पेच तिथे आहे. 'मिडनाइट ऑन द फायरिंग लाइन' हा पहिला भाग घ्या. त्यात सेंटॉरी या परग्रही वंशाचा राजदूत लोंडो मोलारी स्थानकाचा कमांडर सिंक्लेअर याला आपलं स्वप्न सांगतो: वीस वर्षांनंतर तो म्हातारा झालेला आहे, मरतो आहे, त्याचे हात कुणाच्या तरी गळ्याभोवती आहेत आणि त्या दुसऱ्याचे याच्या गळ्याभोवती. तो दुसरा म्हणजे सेंटॉरींच्या शत्रू नार्न वंशाचा राजदूत जकार. हे ऐकताना तुमच्या पोटात कालवतं, कारण पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मित्रांना मात्र मोराच्या पिसाऱ्यासारखे केस उभारलेला एक बडबड्या माणूस दिसतो, ज्याची ओळख होऊन अर्धा तासही झालेला नाही. तुम्ही कोपराने ढोसून "हे लक्षात ठेवा हं" म्हणालात की त्यांना वाटतं, आता परीक्षा आहे.

पहिल्या सीझनमधल्या बऱ्याच जागांना किंमत येते ती मागे वळून पाहताना. नव्या प्रेक्षकाला मागे वळून पाहण्यासारखं काही नसतं. त्यामुळे भाग निवडताना मी एकच कसोटी लावते: पुढचं काहीही माहीत नसताना हा भाग आजच्या पाऊण तासाचा मोबदला आजच देतो का? 'पुढे याचा फार उपयोग होतो' हे कारण मी धरत नाही.

काही गोष्टी मात्र मित्र कोण आहेत यावर अवलंबून आहेत, आणि ते तुम्हीच ठरवू शकता. त्यांनी अलीकडे रात्री जागून काय पाहिलं ते विचारा. राजकारण, दरबारी डावपेच, दोन शत्रूंचं एकमेकांत गुंतत जाणं असं काही असेल तर ही मालिका त्यांच्यासाठीच आहे. एका भागात पुरी होणारी, डोक्याला भुंगा लावणारी गोष्ट आवडत असेल तर 'बिलीव्हर्स'पासून सुरुवात करायलाही हरकत नाही. एका परग्रही मुलाचा जीव शस्त्रक्रियेने वाचू शकतो, पण शरीर चिरलं तर आत्मा निघून जातो अशी त्याच्या आईवडिलांची श्रद्धा आहे. डॉक्टर फ्रँकलिनने काय करावं? त्या भागाचा शेवट पाहून कुणी गप्प उठून गेलेलं मी पाहिलेलं नाही, प्रत्येक वेळी वाद झाला आहे. आणि मित्रांना फक्त डोळे दिपवणारी दृश्यं हवी असतील, तर ही मालिका त्यांची नव्हे. हे मान्य करण्यात मालिकेचा काही अपमान नाही.

आता पायलटबद्दल. 'द गॅदरिंग' १९९३ च्या फेब्रुवारीत आली, मालिका सुरू झाली १९९४ च्या जानेवारीत. मधल्या काळात बरंच बदललं. पायलटमधली उपकमांडर ताकाशिमा, डॉक्टर काइल आणि टेलिपाथ (मन वाचणारी) लिटा हे तिघे पुढच्या भागात नाहीतच. लिटा परतते, पण खूप नंतर. मिनबारी या परग्रही वंशाची राजदूत डेलेन हिचा मेकअपसुद्धा वेगळा आहे. म्हणजे दीड तास घालवून पाहुणा ज्यांची नावं पाठ करतो, त्यांतले तिघे लगेच गायब. शिवाय ती संथ आहे. ती दाखवायचीच तर पहिल्या सीझनच्या अखेरीस दाखवा, तेव्हा मंडळी स्वतःच कुतूहलाने बघतात.

माझी निवड साधारण अशी असते: 'मिडनाइट ऑन द फायरिंग लाइन', 'द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स', 'माइंड वॉर', 'अँड द स्काय फुल ऑफ स्टार्स', 'डेथवॉकर', 'बिलीव्हर्स', 'साइन्स अँड पोर्टेंट्स', 'अ व्हॉइस इन द वाइल्डरनेस'चे दोन्ही भाग, 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड' आणि शेवटी 'क्रिसॅलिस'. क्रम हाच ठेवा.

यांतला कळीचा भाग माझ्या मते 'द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स'. स्थानकावर प्रत्येक वंश आपापला मुख्य धर्म इतरांना दाखवतो आहे, आणि तिकडे जकारच्या मागे मारेकरी लागला आहे. जकार तोवर निव्वळ खलनायक वाटत असतो. इथे तो घाबरतो, फुशारक्या मारतो, गाणं म्हणतो, आणि आपल्याला कळायच्या आत आवडायला लागतो. अखेरीस पृथ्वीचा धर्म दाखवायची पाळी सिंक्लेअरवर येते, आणि तो जे करतो ते मालिकेच्या सगळ्या स्वभावाचं सार आहे. ते मी सांगत नाही. पायलटनंतरचे चार भाग दाखवून तुम्ही थांबलात, आणि हा पाचवा आहे. म्हणजे तुम्ही नेमके उंबरठ्यावर थांबला आहात.

लगेच पुढचा 'माइंड वॉर'. त्यात बेस्टर या टेलिपाथ पोलिसाच्या भूमिकेत वॉल्टर केनिग येतो, 'स्टार ट्रेक'मधला चेकॉव्ह. मित्रांपैकी कुणी ती पाहिली असेल तर हा बदल बघायला गंमत येईल. पण तो भाग निवडण्याचं माझं कारण जकारच आहे. शेवटाकडे तो फुलावरची एक मुंगी बोटावर घेतो, परत ठेवतो, आणि म्हणतो की आता दुसऱ्या मुंगीने हिला विचारलं, ते काय होतं, तर ही काय सांगेल? विश्वात आपल्याहून प्रचंड जुनं आणि प्रचंड मोठं काही आहे, ही जाणीव करून द्यायला मालिकेला त्या क्षणी एकही स्फोट लागत नाही. ज्याला ही जागा भिडली तो पुढे येतोच, हा माझा अनुभव आहे.

'साइन्स अँड पोर्टेंट्स'च्या आधी चुकूनही काही बोलू नका. मॉर्डन नावाचा एक सभ्य, हसतमुख माणूस राजदूतांना एकेक करून भेटतो आणि तोच प्रश्न विचारतो: तुम्हाला काय हवंय? जकारचं उत्तर आणि लोंडोचं उत्तर लागोपाठ ऐकताना मित्र आपणहून नीट बसतात.

गाळलेल्या भागांत सोनं नाहीच असं मात्र नाही. 'टीकेओ'मधली झुंजीची गोष्ट मला कधीच रुचली नाही, पण त्याच भागात उपकमांडर इव्हानोव्हा वडिलांच्या मृत्यूचा शोक पाळायला तयार होत नाही आणि मग होते, तो धागा फार सुंदर आहे. 'इन्फेक्शन' आणि 'ग्रेल' मी विनासंकोच सोडते. एकदा गोडी लागली की लोक स्वतःच विचारतात, "मधले राहिलेले कुठे आहेत?" तो प्रश्न यावा, यासाठीच ते मागे ठेवायचे.

मग थेट दुसऱ्या सीझनपासून सुरुवात का नाही? अनेक जण तसं सुचवतात, आणि दुसरा सीझन अधिक सफाईदार आहे हे खरं. पण ही मालिका पाच वर्षांची एकच कथा म्हणून आखलेली होती. मालिकेचा जनक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की याने ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले, तिसरा आणि चौथा सीझन तर पूर्णपणे. त्या काळच्या टीव्हीवर बहुतेक मालिकांत दर आठवड्याला घडी पूर्ववत व्हायची; इथे घडलेलं पुसलं जात नाही. लोंडो सुरुवातीला हास्यास्पद, कर्जबाजारी, गतवैभवाच्या गप्पा मारणारा माणूस आहे. तो तसा असताना तुम्ही त्याला पाहिलंच नाही, तर पुढे त्याचं जे होतं ते केवळ कथानक म्हणून कळतं, जिव्हारी लागत नाही. उतरणीची उंची कळायला वरची पायरी बघावीच लागते. सिंक्लेअरचंही तसंच: त्याच्या आयुष्यातले हरवलेले चोवीस तास आणि बेपत्ता झालेलं आधीचं स्थानक बॅबिलॉन ४ या दोन कोड्यांची उत्तरं तिसऱ्या सीझनपर्यंत पोचतात.

'इन द बिगिनिंग' नको म्हणते ते याच कारणाने. तो चित्रपट १९९८ च्या जानेवारीत, पाचव्या सीझनच्या तोंडावर आला. पृथ्वी आणि मिनबारी यांच्या युद्धाची पूर्वकथा त्यात सरळ सांगितली आहे, आणि ती सांगितली आहे सगळं जाणणाऱ्या प्रेक्षकाला. पहिला सीझन जे प्रश्न हळूहळू उभे करतो त्यांची उत्तरं तो पहिल्याच बैठकीत वाटून टाकतो. चौथ्या आणि पाचव्या सीझनच्या मध्ये तो बघा, जागच्या जागी बसतो.

आता दृश्यांबद्दल, कारण मित्र हसले ते यालाच. त्यांना हसू द्या. "त्या काळी हेच खूप होतं" असा बचाव केलात की समोरचा न्यायाधीश होऊन बसतो. मी सुरू करण्याआधी दोनच गोष्टी सांगते. पहिली: टीव्हीवरची अंतराळयानं तेव्हा सहसा छोट्या प्रतिकृती बनवून चित्रित करत, या मंडळींनी ती संगणकावर काढली, सुरुवातीला अमिगा या घरगुती संगणकांवर आणि त्यांना जोडायच्या व्हिडिओ टोस्टर या यंत्रणेवर. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत, खेळण्यातले वाटतात. दुसरी: आता त्यांची हालचाल बघा. स्टारफ्युरी हे लढाऊ यान पुढे जात असतानाच जागच्या जागी गर्रकन फिरतं आणि मागे तोंड करून गोळ्या झाडतं, वेग तसाच ठेवून. निर्वात अवकाशात हवा नाही, म्हणजे विमानासारखं वळायची गरजच नाही. आठ किलोमीटर लांबीचं स्थानक सतत स्वतःभोवती फिरतं, कारण आत पावलं जमिनीला टेकवायची आहेत. रंगरंगोटी जुनी झाली तरी हा विचार जुना झालेला नाही, आणि विज्ञानाची आवड असलेला मित्र इथेच गळाला लागतो.

मुखवट्यांचं म्हणाल तर दोन-तीन बैठकींत ते दिसेनासे होतात. जकार करणारा आंद्रेआस कात्सुलास आणि लोंडो करणारा पीटर जुरासिक यांचे आवाज आणि डोळे इतके बोलके आहेत की रबर आपोआप विसरलं जातं. एखाद्या मित्राच्या बाबतीत दुसऱ्या बैठकीनंतरही तसं झालं नाही, तर मला तो वाईट संकेत वाटतो.

प्रत कुठली, हेही महत्त्वाचं आहे आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. माणसांची दृश्यं रुंद पडद्याचा विचार करून फिल्मवर टिपली होती, पण संगणकीय दृश्यं जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी ४:३ चौकटीसाठीच बनली. डीव्हीडीच्या रुंद आवृत्तीत ही दृश्यं वरून-खालून कापून मोठी केली आहेत, त्यामुळे यान दिसलं की चित्र एकदम धूसर होतं. मित्रांनी ते पाहिलं असेल तर त्यांच्या हसण्यात त्या आवृत्तीचाही हात असेल. २०२१ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती ४:३ मध्येच आहे आणि बरीच स्वच्छ आहे. ती मिळवा, आणि टीव्हीचं चित्र ताणून पडदा भरण्याचं सेटिंग बंद करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत.

आतापर्यंतचं एका दमात: पायलट नको, निवडक पहिला सीझन, ४:३ चौकट, सुरुवातीला दोन वाक्यं आणि मग गप्प.

हे गप्प राहणं तुम्हाला सगळ्यांत जड जाईल. एका वेळी दोन भाग लावा, फार तर तीन. ही मालिका आठवड्याला एक अशा बेताने लिहिलेली आहे. तीच संगीताची चढण आणि तेच छोटे समारोप पाच वेळा लागोपाठ आले की चांगला भागही थकवतो. बसताना मित्रांच्या शेजारी बसा, त्यांचे चेहरे दिसतील असं समोर बसू नका. आवडत्या जागेआधी त्यांच्याकडे बघायचा मोह होतो, आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळलं की माणूस प्रतिक्रिया देण्याचं काम करायला लागतो. त्यांनी विचारलं, "हा चांगला आहे की वाईट?" तर उलट विचारा, "तुला काय वाटतं?" त्यांचे चुकलेले अंदाज दुरुस्त करू नका. लोंडोबद्दल चुकलेले अंदाज बांधणं हा तर ही मालिका बघण्यातला मोठा आनंद आहे.

एक सावधगिरी मात्र घ्याच. भागांची यादी, चित्रं आणि वर्णनं मित्रांच्या हातात देऊ नका. तिसऱ्या सीझनची नुसती शीर्षकफीतसुद्धा पहिल्याच वाक्यांत सांगून टाकते की शांततेचा हा शेवटचा प्रयत्न फसला. पात्रांची नावं इंटरनेटवर शोधू नका, असं आधीच स्पष्ट सांगून ठेवा. रिमोट तुमच्याकडे ठेवा.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला सिंक्लेअर जातो आणि शेरिडन हा नवा कमांडर येतो. ज्यांना सिंक्लेअर आवडला होता ते इथे दुखावतात, कधी कधी सोडूनही देतात. म्हणून मी 'क्रिसॅलिस' संपल्यावर एवढंच सांगते की कमांडर बदलतो आहे, पण मालिका त्याला विसरलेली नाही. मित्र सिंक्लेअर करणाऱ्या मायकेल ओ'हेअरच्या अभिनयाला ताठर म्हणाले असतील तर त्याची हकिगतही तेव्हा सांगते. पहिल्या सीझनच्या काळात तो गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होता. स्ट्राझिन्स्कीने हे गुपित जपलं आणि ओ'हेअरच्या २०१२ मधल्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये, त्याच्याच इच्छेप्रमाणे जाहीर केलं. ते कळल्यावर पहिला सीझन मला वेगळा दिसला, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनाही.

थांबायचं कधी? माझी सीमारेषा दुसऱ्या सीझनचा नववा भाग, 'द कमिंग ऑफ शॅडोज'. त्याला विज्ञानकथांसाठीचा १९९६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि लोंडो-जकारची गोष्ट इथे अशा जागी पोचते जिथून परत फिरता येत नाही. हा भाग संपल्यावर मित्राने "पुढचा लाव" म्हटलं नाही तर मी पुन्हा आग्रह करत नाही. त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसलं, आणि ते त्याचं नाही. म्हटलं, तर तुमचं काम संपलं. तिसरा सीझन आणि चौथ्याची पहिली काही प्रकरणं त्यांना ओढत नेतील.

चौथ्याबद्दल आणि पाचव्याबद्दल एकेक इशारा. पाचवा सीझन मिळेल याची खात्री नव्हती म्हणून चौथ्यात बऱ्याच गोष्टी घाईने आवरल्या आहेत. मग टीएनटी वाहिनीने पाचवा दिला आणि त्याचा पहिला निम्मा भाग सैल पडला. मित्रांना तिथे सोडून देऊ नका, उत्तरार्धात लोंडोची जी कथा आहे ती पाहायलाच हवी. अखेरचा भाग 'स्लीपिंग इन लाइट' प्रत्यक्षात चौथ्या सीझनबरोबर चित्रित करून राखून ठेवला होता. पाचव्यात कुठेही नसलेली इव्हानोव्हा त्यात अचानक दिसते ती म्हणूनच. कुणीतरी हे नक्की विचारेल.

राहिले तुमचे दोन मित्र. त्यांना परत पहिल्यापासून सुरू करायला लावू नका, ते येणारच नाहीत. दोन-तीन आठवडे जाऊ द्यात. दोघं एकत्र बसले की एकमेकांना साथ देत थट्टा करतात असं तुमच्या वर्णनावरून दिसतं, तेव्हा आधी त्यांतल्या एकालाच बोलवा, ज्याला राजकारणाच्या गोष्टी आवडतात त्याला. 'पार्लमेंट ऑफ ड्रीम्स' आणि 'माइंड वॉर' लावा, चार भाग पाहिलेले असल्यामुळे त्याला सगळी माणसं ओळखीची असतील. दुसऱ्याला त्याने बोलवलं तर तो येईल, तुमच्या आग्रहाने कदाचित येणार नाही.